धानाची फवारणी आणि शरीरातील पहारेकरी

गेल्या खरिपात लाखांदूर तालुक्यातील एका गावी धानावरील तुडतुड्यांविषयी बोलत असता एका तरुण शेतकऱ्याने प्रश्न केला, "साहेब, मधुमेहाच्या रोग्याच्या अंगावर यंत्र असते. साखर वाढली की ते आपोआप औषध सोडते. तसे यंत्र फवारणी करणाऱ्याच्या अंगात बसविले तर विष चढताच उतारा मिळणार नाही काय?" सभेत हशा पिकला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. सन 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे त्या सभेतील कोणीही विसरले नव्हते.

अशी साधने ही केवळ कल्पना नव्हे. त्वचेखालील तंतूने साखर मोजून इन्सुलिनचे प्रमाण स्वतः ठरविणारा पंप अमेरिकेत 2016 साली मान्य झाला. त्वचेखाली बसविलेल्या चकतीतून बिनतारी संदेशाने हाडांच्या विकारावरील औषध सोडण्याचा डेन्मार्कमधील काही स्त्रियांवर झालेला प्रयोग 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे 2024 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी श्वास व नाडी मंदावल्याचे ओळखून अफूजन्य औषधांवरील उतारा आपणच सोडणारे रोपण डुकरांवर यशस्वी करून दाखविले. मग कीटकनाशकासाठीच अडचण कोणती?

सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके शरीरातील कोलिनेस्टरेज नावाचे द्रव्य निकामी करतात. मज्जातंतूंनी स्नायूंना व ग्रंथींना दिलेला संदेश थांबविणे हे त्या द्रव्याचे काम होय. ते थांबले की संदेश चालूच राहतो. लाळ, अश्रू व घाम यांचा पूर येतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू थरथरतात, छातीत पाणी दाटून श्वास कोंडतो. अॅट्रोपिन हा त्यावरील उतारा आहे. परंतु अत्यवस्थ रोग्यास तो पुनःपुन्हा, छाती मोकळी होईपर्यंत वाढत्या प्रमाणात व कधी कित्येक दिवस द्यावा लागतो. एवढा साठा बोटाएवढ्या डबीत मावत नाही.

याहून मोठी अडचण आपल्या हवेची आहे. पाऊस उघडलेल्या दिवशी, कमरेएवढ्या धानाच्या बांधीत, पाठीवर पंप घेऊन चालणारा मनुष्य विषाशिवायही घामाने निथळतो. यंत्राने तोच घाम विषाचे लक्षण मानून अॅट्रोपिन सोडले, तर घाम बंद होईल, हृदय धडधडू लागेल आणि निरोगी माणूस उष्माघाताने कोसळेल. शिवाय सर्व कीटकनाशकांवर हा उतारा चालत नाही. आपल्या शेतकऱ्याच्या पंपात तर पुष्कळदा दोन-तीन औषधांचे मिश्रण असते. आणि अंगात उतारा आहे म्हणून मालक मजुराकडून दोन बांध्या अधिक फवारून घेणार नाही, याची हमी कोण देईल? माझ्या मते हा धोका यंत्राच्या बिघाडाहून लहान नाही.

तेव्हा तूर्त हा पहारा धुऱ्यावरील जोडीदारानेच केला पाहिजे. एकट्याने फवारणी करू नये. जोडीदाराने दर फेरीस बोलते करावे. बोलणे अडखळले, डोळ्यांपुढे अंधारी आली, मळमळ झाली, की पंप तेथेच उतरवावा. रोग्यास वाऱ्याच्या वरच्या बाजूस न्यावे, कपडे काढून साबण व भरपूर पाण्याने अंग धुवावे. धुणाऱ्याने स्वतःचे हात पिशवीने झाकावेत. मीठपाणी पाजून ओकारी काढू नये. बेशुद्ध असल्यास एका कुशीवर ठेवावे. 108 क्रमांकास कळवावे आणि औषधाचा डबा अथवा चिठ्ठी रोग्याबरोबर अवश्य पाठवावी, कारण उतारा कोणता हे डॉक्टर त्यावरूनच ठरवितात. बरे वाटले म्हणून रोग्यास लगेच घरी आणू नये. एक ते चार दिवसांनी श्वासाचे स्नायू पुन्हा दुर्बळ होण्याचा संभव असतो.

तुडतुडे चुडाच्या बुंध्याशी बसतात, म्हणून फवारणी करणारा वाकून पिकात शिरतो आणि सारा तुषार तोंडावर घेतो. रोवणीच्या वेळीच मधूनमधून पट्टे सोडले तर मोकळ्या वाटेने चालता येते व हवा खेळून तुडतुडेही कमी होतात. युरियाचा अतिरेक टाळावा. कीड दिसताच तीन-चार दिवस बांधीतील पाणी काढून पाहावे. पुष्कळदा फवारणीचा प्रसंगच टळतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी डब्यावरील रंगीत त्रिकोण गावकऱ्यांना प्रत्यक्ष दाखवावा. लाल सर्वांत जहाल, त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा. जेथे सोय असेल तेथे हंगामापूर्वी नेहमी फवारणी करणाऱ्यांच्या रक्तातील कोलिनेस्टरेज तपासून आकडा लिहून ठेवावा, म्हणजे पुढील तपासणीत घट कळेल. आणि खऱ्याविषयी स्पष्ट बोलावे. फवारणीच्या हाताने खर्रा तोंडात टाकणारे मी प्रत्येक गावी पाहिले आहेत. त्या सभेतील प्रश्नकर्त्याच्या हातीही तीच पुडी होती. मी ती मागितली, तेव्हा तो हसला आणि आधी हात धुऊन आला.