सतराव्या शतकाचे टपालघर : मारँ मेर्सेन

विज्ञानाला वाहिलेली पहिली नियतकालिके युरोपात निघाली ती १६६५ साली. त्याआधी नवा शोध कळायचा तो पत्रांतून, आणि त्यांतली असंख्य पत्रे पॅरिसमधल्या एका मठातील एकाच खोलीत येत. ती खोली मिनिम पंथाचे साधू मारँ मेर्सेन (१५८८–१६४८) यांची. गणितात ‘मेर्सेन संख्यां’मुळे त्यांचे नाव राहिले, पण त्यांचे खरे अचाट काम म्हणजे माणसे जोडणे.

देकार्त हॉलंडमध्ये, फर्मा तुलूजच्या न्यायालयात, गॅलिलिओ फ्लॉरेन्सजवळ नजरकैदेत. मेर्सेन एकाचा प्रश्न दुसऱ्याला कळवत आणि आलेले उत्तर तिसऱ्यापुढे ठेवत. प्रकाशाच्या वक्रीभवनावरील देकार्तच्या विवेचनावर फर्मांनी घेतलेले आक्षेप १६३७ मध्ये मेर्सेन यांच्याच हातून देकार्तकडे गेले. वाद पेटला, पण १६६२ मध्ये फर्मांनी मांडलेल्या लघुतम काळाच्या तत्त्वाचे (प्रकाश कमीत कमी वेळ लागणाऱ्या मार्गाने जातो) बीज त्याच वादात आहे.

मध्यस्थाला दोघांना दूर ठेवून आपला लाभ साधता येतो, हे जर्मन समाजशास्त्रज्ञ झिमेल यांनी १९०८ मध्ये दाखवून दिले. मेर्सेन यांनी नेमके उलटे केले. १६३५ पासून त्यांनी पॅरिसमध्ये विद्वानांच्या बैठका भरवल्या, आणि वडिलांबरोबर येणाऱ्या किशोरवयीन पास्कालांनाही तिथे जागा मिळाली.

इटलीतील तोरिचेल्लींचा पाऱ्याचा प्रयोग मेर्सेन यांना १६४४ मध्ये कळला : पाऱ्याने भरलेली काचेची नळी पाऱ्याच्या भांड्यात उलटी उभी केली, की पारा थोडा उतरून एका उंचीवर थांबतो. इटलीला जाऊन ते तोरिचेल्लींना भेटले, पण पॅरिसला परतल्यावर त्यांना हवी तशी काचेची नळी मिळाली नाही. प्रयोगाची वार्ता मात्र त्यांनी पसरवली. ती अभियंते प्येर पती यांच्यामार्फत रूआँला पास्कालांपर्यंत पोहोचली. तिथे काचेचा चांगला कारखाना होता. १६४६ मध्ये दोघांनी मिळून प्रयोग करून दाखवला.

पुढे पास्कालांच्या सांगण्यावरून त्यांचे मेहुणे फ्लोरँ पेरिए नळी घेऊन प्यूई द दोम डोंगर चढले. पायथ्यापेक्षा माथ्यावर पारा खाली उतरला. हवेला वजन असते याचा तो भक्कम पुरावा ठरला. दिवस होता १९ सप्टेंबर १६४८. मेर्सेन त्याच महिन्याच्या १ तारखेला वारले होते. त्यांच्या खोलीत ७८ जणांची पत्रे सापडली. पेरिएंनी निकाल कळवला तो थेट पास्कालांना; मधल्या माणसाची गरज आता उरली नव्हती. मेर्सेन यांनी आयुष्यभर केलेल्या कामाचे याहून मोठे यश ते कोणते?