लंडनमधला पहिला दिवस : बाबासाहेबांच्या वाटेवर पायी



परदेशगमन म्हटले की आपल्या वस्तीत दोनच माणसे डोळ्यांपुढे येतात. एक आखातात मजुरीला गेलेला आणि दुसरा शिष्यवृत्ती मिळवून शिकायला गेलेला. नुसते पाहण्यासाठी, चार मित्रांबरोबर पाठीवर सॅक टाकून पायी फिरण्यासाठी परदेशी जाणे हा श्रीमंतांच्या पोरांचा शौक, असेच आपण मानत आलो. म्हणूनच आमच्या विहारातील पाच जण लंडनला निघाले, तेव्हा एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने तोंडावर विचारले, "एवढ्या पैशात वस्तीतल्या किती पोरांच्या वह्या-पुस्तकांची सोय झाली असती?"

प्रश्न खोचक असला तरी रास्त होता. आम्ही कोणी धनिक नव्हे. मी लेखनिक, एक मित्र बसचा कंडक्टर, एक वायरमन, एक ताई प्राथमिक शिक्षिका आणि दुसऱ्या ताई इस्पितळात परिचारिका. दरमहा ३,००० रुपयांची भिशी आम्ही ४ वर्षे चालवली. माणशी १ लाख ४४ हजार जमले, त्यातून हा प्रवास झाला. त्या ज्येष्ठांना आम्ही एवढेच सांगितले की पहिला दिवस कसा घालवला, त्याचा हिशोब समाजापुढे ठेवू. हा तो हिशोब.

पाण्याचा नळ आणि सगळ्यांची भांडी

जूनमधला शुक्रवार होता. हीथ्रो विमानतळावर तपासणीच्या खिडकीवरील अधिकाऱ्याने कंडक्टर मित्राला विचारले, कशासाठी आलात? त्याने पाठ केलेले उत्तर दिले, "एक घर पाहायला. १०, किंग हेन्रीज रोड." अधिकाऱ्याने परतीचे तिकीट पाहिले, राहण्याचा पत्ता विचारला आणि शिक्का मारला.

विमानतळावरून पिकॅडिली मार्गाची भुयारी रेल्वे थेट किंग्ज क्रॉसला जाते. त्याच भागात आमचे हॉस्टेल होते. हॉटेलच्या खोलीचे भाडे आपल्याला झेपणारे नाही, पण हॉस्टेलमध्ये खोली न घेता फक्त खाट घेता येते. एका खोलीत आठ खाटा, रेल्वेच्या डब्यातल्या बर्थसारख्या खाली-वर. सामानाला कुलपाचे कपाट आणि सर्वांना मिळून एक स्वयंपाकघर. खाटा दुपारनंतर मिळणार होत्या, म्हणून सॅक तिथे ठेवल्या आणि चहा करायला स्वयंपाकघरात गेलो.

शिक्षिका ताई नळाखाली बाटली भरता भरता थांबल्या. शेजारी एक आफ्रिकी तरुण पातेले घासत होता, एक गोरी मुलगी त्याच पातेल्याची वाट पाहत उभी होती. कोणी कोणाला बाजूला हो म्हणत नव्हते. ताई म्हणाल्या, "माझ्या आजीला गावच्या विहिरीवर पाय ठेवू देत नव्हते. वरून कोणी ओतले तर पाणी." पुढे त्या काही बोलल्या नाहीत, पण २० मार्च १९२७ ची महाडची ओंजळ आम्हा पाचही जणांना आठवली. पुस्तकात वाचलेली समता आणि हातात बाटली धरून पाहिलेली समता यांत फरक असतो.

अर्थात इंग्लंड म्हणजे स्वर्ग नव्हे. स्टेशनाबाहेर फुटपाथवर गोधडीत गुंडाळून निजलेली माणसे आम्ही पहिल्या तासातच पाहिली. ज्या साम्राज्याने आपल्या देशावर राज्य केले, त्याची ही राजधानी, हेही विसरायचे कारण नाही.

१०, किंग हेन्रीज रोड

एक पौंड म्हणजे शंभरावर रुपये. तेव्हा होईल तितके पायीच फिरायचे ठरले होते. किंग्ज क्रॉसहून कालव्याच्या काठाने कॅम्डेन आणि तिथून प्रिमरोझ हिल. वाट सोपी आहे. सकाळचे ऊन होते, पण अंगावर स्वेटर हवा वाटत होता.

किंग हेन्रीज रोडवरची घरे एकमेकांना लागून, सारखीच उंच. त्यातले १० क्रमांकाचे घर भिंतीवरच्या निळ्या गोल पाटीने ओळखू येते. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये येथे राहत होते, असे त्या पाटीवर लिहिले आहे. हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले आणि १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. पुढे स्मारक म्हणून वापरण्यास स्थानिक कॅम्डेन पालिकेने परवानगी नाकारली. राहत्या वस्तीत संग्रहालय नको, असा वाद झाला. चौकशी होऊन अखेर मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. त्या घराच्या पायरीवर आज आपण उभे राहू शकतो, ते या लढ्यामुळे.

आत शिरताना कोणी सांगितले नाही, तरी आम्ही बूट बाजूला काढले. छायाचित्रे आणि पुस्तके पाहत खोल्याखोल्यांतून फिरलो. वंदना म्हटली. परिचारिका ताई बराच वेळ खिडकीपाशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "इथं ते एकटे, आणि तिकडे परळच्या चाळीत रमाई. पत्र पोचायला किती आठवडे लागत असतील?" आमच्यापैकी प्रत्येकाने त्या सकाळी घरी 'पोचलो' असा फोन केला होता. ताईंच्या प्रश्नाने सगळेच गप्प झालो.

बाबासाहेबांचा लंडनचा प्रवास सरळ नव्हता, हे मुलांना मुद्दाम सांगायला हवे. १९१६ मध्ये ते कोलंबियाहून येथे आले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये दाखल झाले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली, १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मागाहून दुसऱ्या बोटीने येणारे त्यांचे सामान आणि पुस्तके महायुद्धात जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. नंतर त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली आणि पगारातून काटकसर करून पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी ५,००० रुपये उसने दिले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला आले. मी कॉमर्सचा विद्यार्थी. सिडनहॅम हे कॉमर्सचेच कॉलेज. त्यामुळे हा जमाखर्च मला विशेष भिडतो. पगार, काटकसर, मदत आणि कर्ज. आपल्या घरातला प्रत्येक मोठा बेत याच चार रकान्यांत बसतो.

भुकेचे अंतर

दुपारी त्या घरातून निघालो. टेकडी चढून वर गेलो, तेव्हा सारे लंडन खाली पसरलेले दिसले. तिथे गवतावर बसून सॅकमधली शेंगदाण्याची चटणी आणि पाव खाल्ला. मग रीजंट्स पार्क ओलांडून शहराच्या मध्यभागाकडे चालू लागलो. ब्रिटिश म्युझियमपर्यंतचे अंतर साडेचार किलोमीटरच्या आसपास आहे. रमतगमत आम्हाला दीड तास लागला.

त्या काळी ब्रिटिश म्युझियमच्या गोल वाचनालयात बाबासाहेब अभ्यास करीत. धनंजय कीर यांनी चरित्रात लिहिले आहे की, सकाळी दार उघडताच ते आत शिरत आणि बंद होण्याच्या वेळेपर्यंत हलत नसत. दुपारच्या पोटभर जेवणाला पैसे नसत. रात्री उशिरापर्यंत वाचताना भूक लागली की मित्राने दिलेले पापड भाजून खात. हे आपण भाषणांतून शंभर वेळा ऐकले आहे. पण विमानातली झोपमोड, साडेचार तासांनी मागे गेलेले घड्याळ आणि पायातले गोळे घेऊन ते अंतर चालताना कंडक्टर मित्र म्हणाला, "दादा, आपण पोट भरून चालतोय." त्या एका वाक्यासाठी भिशीचे पैसे सार्थकी लागले, असे मला वाटते.

म्युझियम दर शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत उघडे असते. म्हणून आधी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सकडे वळलो. होबर्नजवळच्या अरुंद गल्ल्यांत हे विद्यापीठ आहे. भव्य फाटक नाही, मैदान नाही. येथे बाबासाहेब १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी त्यांना डी.एस्सी. मिळाली. हा प्रबंध त्याच वर्षी लंडनमध्ये ग्रंथरूपाने निघाला. त्याला प्रस्तावना लिहिणारे त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांना त्यातली सगळी मते पटलेली नव्हती, तरीही त्यांनी प्रस्तावना लिहिली. गुरू-शिष्यांतला हा मोकळेपणा आपल्या कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. जवळच ग्रेज इन आहे. तिथून ते बॅरिस्टर झाले. त्या संस्थेत आता त्यांच्या नावाची खोली आहे.

लंडनमधली अमरावती

संध्याकाळी म्युझियममध्ये शिरलो. प्रवेशाला तिकीट नाही. मधल्या छत घातलेल्या प्रांगणात ते गोल वाचनालय उभे आहे. त्यातला ग्रंथसंग्रह १९९० च्या दशकाच्या अखेरीस सेंट पँक्रासच्या नव्या ब्रिटिश लायब्ररीत गेला. कार्ल मार्क्सही याच वाचनालयात बसत.

पण आमचे पाय खिळले ते ३३ अ क्रमांकाच्या दालनात. कृष्णाकाठच्या अमरावतीचा महास्तूप एका लांबट दालनात काचेआड उभा आहे. पांढरट चुनखडीच्या शिळांवर स्तूप कोरलेले, बोधिवृक्ष कोरलेले. अनेक जुन्या शिळांवर तथागतांची मूर्तीच नाही. रिकामे आसन आहे, पावलांचे ठसे आहेत, आणि त्यांच्यापुढे हात जोडलेली माणसे आहेत. शिक्षिका ताईंनी हळू आवाजात त्रिशरण म्हटले. पहारेकरी पाहत होता, पण त्याने अडवले नाही.

या शिळा येथे आल्या कशा? स्तूपाचे दगड-विटा लोकांनी बांधकामाला नेल्या, शिळा चुन्यासाठी भाजल्या. वॉल्टर इलियट या इंग्रज अधिकाऱ्याने १८४५ मध्ये तिथे उत्खनन केले. १८५९ मध्ये शिळा लंडनला आणल्या गेल्या आणि १८८० मध्ये या म्युझियमकडे आल्या. यावरून आमच्यात वाद झाला. वायरमन मित्र म्हणाला, "आपला वारसा आहे, परत मिळाला पाहिजे." परिचारिका ताई म्हणाल्या, "तिथं राहिला असता तर कुणाच्या तरी भिंतीला चुना म्हणून लागला असता." वाद मिटला नाही. पण दोघांच्याही बोलण्यातून एकच गोष्ट मला कळली. धम्म या मातीतून पुसला गेला, तेव्हा त्याच्या शिळा राखायलाही कोणी उरले नव्हते. आज आपल्या गावाजवळच्या लेण्यांची काय अवस्था आहे, याचा विचार वाचकांनी करावा.

"आडनाव काय तुमचं?"

हॉस्टेलवर परतलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते आणि बाहेर अजून उजेड होता. खिचडी शिजत असताना संगणक कंपनीत काम करणारा एक मराठी तरुण भेटला. मराठी ऐकून तो खूश झाला, लोणचे पुढे केले, आणि दुसऱ्याच मिनिटाला विचारले, "आडनाव काय तुमचं?" परिचारिका ताईंनी सांगितले. "नाही, म्हणजे मूळचे?" ताई शांतपणे म्हणाल्या, "मूळचे बौद्धच म्हणा. सकाळी बाबासाहेबांचं घर पाहून आलो. तुम्ही पाहिलंत का?" तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "नाही. तिकीट किती असतं?" "काही नाही. पायी गेलात तर भाडंही नाही," ताई म्हणाल्या. तो हसला आणि त्याने पत्ता लिहून घेतला.

जात सामानाच्या वजनात मोजली जात नाही, म्हणून ती कुठल्याही विमानात चढते. ब्रिटनच्या समता कायद्यात जातीचा समावेश करावा, यासाठी तेथील आंबेडकरी संघटना वर्षानुवर्षे झगडल्या. २०१३ मध्ये तेथील संसदेने सरकारवर तशी तरतूद करण्याचे बंधन घातले. पण २०१८ मध्ये सरकारने जाहीर केले की वेगळी तरतूद न करता न्यायालयांच्या निकालांवर विसंबून राहू. म्हणजे ती लढाई तिथेही अपुरीच आहे.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी

पाच-सहा जणांची भिशी करा. एकट्याला जड वाटणारे ओझे वाटून हलके होते. पासपोर्ट आधी काढून ठेवा. व्हिसाच्या अर्जाला बँकेचा उतारा आणि कार्यालयाचे रजेचे पत्र जोडा. सॅक स्वतःला उचलवेल एवढीच भरा. पायात जुने, सवयीचे बूट घाला. तिकडच्या विजेच्या खुंटीला तीन चपट्या पिना असतात, त्याचे जोडणीचे साधन इकडूनच न्या. स्मारकाच्या भेटीची वेळ आधी पाहून घ्या. विद्यापीठात बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे, तो पाहायचा तर आधी पत्र पाठवून परवानगी घेणे बरे.

आणि ज्यांची मुले शिकत आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राच्या योजनेत २०२२ साली भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतीय समाजाविषयीचे विषय वगळण्यात आले. ज्या बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबियात भारतातील जातींवर निबंध वाचला, त्यांनाच या नियमाने तो विषय नाकारला असता! अशा नियमांविरुद्ध आवाज उठवायचा, तर आपल्या घरातून अर्ज करणारी मुले हवीत. मुलगा असो की मुलगी, दहावी झाली की पासपोर्टचा अर्ज भरा. जगाचा नकाशा पोथीसारखा भिंतीला टांगून ठेवू नका, मुलांच्या हातात द्या.

जय भीम! नमो बुद्धाय!