डॅफोडिल आणि पैलतीराची बोट

पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा घाटावर कुजबूज सुरू होते. काय राहिलं असेल मनात? मग घरातलं कुणीतरी पुढे होतं, हात जोडतं आणि म्हणतं, "धाकटीचं आम्ही सगळं बघू, तुम्ही काळजी करू नका." कॅनडातल्या माँट्रियल शहरातल्या थंडर लोटस या स्टुडिओने केलेला 'स्पिरिटफेअरर' हा व्हिडिओ गेम नेमका या क्षणावर उभा आहे. गेलेल्या माणसाचं काहीतरी राहिलेलं असतं. ते पुरवल्याशिवाय त्याचा पाय निघत नाही.

खेळ सुरू होतो तो ग्रीक पुराणातला नावाडी कॅरन निवृत्त होतो तिथून. आत्म्यांना पलीकडे पोचवायचं त्याचं काम स्टेला नावाच्या तरुण मुलीकडे येतं. तिच्यासोबत असतो डॅफोडिल, तिचा बोका. बेटाबेटांवरून ती आत्मे गोळा करते. बोटीवर आले की ते प्राण्यांच्या रूपात दिसतात : कुणी हरीण, कुणी साप, कुणी सिंहीण. प्रत्येकाला बोटीवर घर बांधून द्यायचं, त्याचं खाणंपिणं बघायचं, मनातलं ऐकायचं. तो स्वतःहून "आता निघूया" म्हणाला, की त्याला होडीत बसवून शेवटच्या दारापर्यंत न्यायचं.

या स्टुडिओकडून असा खेळ येईल असं कुणाला वाटलं नसतं. 2014 मध्ये सुरू झालेल्या थंडर लोटसचा पहिला खेळ 'योतून' 2015 मध्ये आला. त्यात नॉर्स पुराणकथांतल्या अवाढव्य राक्षसांशी झुंजायचं होतं. 2017 चा 'संडर्ड' तर भयाचाच खेळ होता. दोन्ही हाताने काढलेल्या चित्रांचे, दोन्ही देखणे, आणि दोन्हींत खेळणारा पुन्हा पुन्हा मरायचा. तिसऱ्या खेळात मृत्यू हाच विषय झाला, तेव्हा मात्र त्यांनी तलवार खाली ठेवली. 'स्पिरिटफेअरर'मध्ये लढाई नाही, हरणं नाही, खेळता खेळता मरणं नाही. निकोला गेरँ यांच्या दिग्दर्शनाखाली तयार झालेल्या या खेळातले बरेचसे प्रवासी चमूतल्या लोकांच्या स्वतःच्या माणसांवरून घेतलेले आहेत, आणि खेळताना ते कळतं. कुठलीच व्यक्तिरेखा नुसती गोड नाही. कुणी हट्टी आहे, कुणी खोचक बोलतं, कुणी आयुष्यात लोकांना दुखवून आलेलं आहे.

अशा खेळांना हल्ली 'कोझी' म्हणतात. उबदार, निवांत. फिकट रंग, मंद संगीत, थोडी शेती, एखादं गोंडस जनावर एवढ्यावर उबदारपणा येतो असं मानणारे खेळ आता ढिगाने आहेत. मला या बोटीवरची ऊब खरी वाटते, कारण ती कामातून येते. मागावर सूत विणायचं. करवत आखलेल्या रेषेवरून ढळू द्यायची नाही. भट्टीची धग जास्त नको, कमीही नको. रोपांना पाणी घालायचं, आणि त्यांच्यासमोर गिटार वाजवली तर ती लवकर वाढतात. स्वयंपाक तर रोजचाच. तोच पदार्थ लागोपाठ दुसऱ्यांदा वाढला की पाहुणे नाक मुरडतात. ज्याने घरात आजारी माणसाचं केलं आहे त्याला हे सगळं ओळखीचं वाटेल. प्रेम बोलून दाखवायला वेळ नसतो, पेज पातळ हवी की घट्ट एवढंच विचारायचं असतं. स्टेला जिवंतपणी मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा करायची, हे खेळात हळूहळू उलगडतं.

मधल्या टप्प्यात लाकूड-धातूसाठीच्या फेऱ्या फार होतात, तिथे खेळ रेंगाळतो. तरी कंटाळा येऊ लागला की कुणीतरी प्रवासी समोर उभा राहतो आणि मिठी मारता येते. मिठीसाठी खेळात वेगळी सोय आहे. उंच मानेच्या हरिणीला मिठी मारणं वेगळं, ठेंगण्या हेजहॉगला वेगळं, आणि चित्रकारांनी हा फरक मन लावून काढला आहे.

आता डॅफोडिलकडे वळतो, कारण मला या खेळातली सर्वात शहाणी गोष्ट तीच वाटते. एकट्याने खेळलात तर बोका स्टेलाच्या मागेमागे फिरतो. पण दुसऱ्या कुणी कन्ट्रोलर हातात घेतला की बोका त्याचा होतो. मग दोघांनी मिळून मासे धरायचे, विणायचं, स्वयंपाक करायचा. दोघांनी खेळायच्या खेळांत सहसा दोघांवर सारखी जबाबदारी असते आणि एक जण कच्चा असला की दुसरा वैतागतो. इथे कुणी चुकला म्हणून काही बिघडत नाही. ज्याने आयुष्यात कधी गेम खेळला नाही अशा माणसालाही बोका होता येतं. त्याने नुसत्या उड्या मारल्या तरी चालतं, तो सोबत आहे हे पुरेसं असतं. आणि मूळ खेळात ही सोबत एकाच खोलीत, एकाच पडद्यासमोर शेजारी बसून करायची आहे.

खेळ बाहेर आला 18 ऑगस्ट 2020 ला. तेव्हा कोविडच्या साथीत जगभर माणसं दवाखान्याच्या काचेपलीकडे जात होती, आणि घरच्यांना हात धरायलाही मिळत नव्हता. त्या दिवसांत या होडीतल्या प्रवासाला काय अर्थ आला असेल, ते वेगळं सांगायला नको.

प्रवाशांपैकी दोघे माझ्या मनातून जात नाहीत. एक अतुल. मराठी वाचक या नावाशी थबकेलच. हा जाडजूड बेडूक स्टेलाचा काका. हसतमुख, हातात सतत दुरुस्तीचं काहीतरी, खाण्याचा भारी शौकीन. विजा कडाडत असताना त्या बाटलीत पकडायला तोच शिकवतो. त्याला सगळ्यांसोबत एक मोठी पंगत हवी असते. पंगत होते. मग एका सकाळी अतुलकाका बोटीवर नसतो. होडी नाही, निरोप नाही. एरवी प्रवाशांना दारापर्यंत पोचवणारा हा खेळ अतुलला असाच जाऊ देतो, आणि खेळणारा त्याच्या रिकाम्या खोलीत उभा राहतो. काही माणसं अशीच जातात, हे गेमच्या भाषेत याहून नेमकं सांगितलेलं मी पाहिलेलं नाही.

दुसरी ॲलिस, हेजहॉगच्या रूपातली आजी. आधी मेंढ्यांत रमणारी, उत्साही. मग तिचं चालणं थकतं. तिला हाताला धरून बोटीच्या टोकाशी न्यावं लागतं, परत आणावं लागतं. तिच्या पावलाने चालायचं, एवढंच. पुढे ती स्टेलाला आपली मुलगी समजू लागते, ॲनी म्हणून हाक मारते. स्टेला तिची चूक दुरुस्त करत बसत नाही.

शेवटच्या दाराशी दगडी कमानीचा पूल आहे. कमान आणि तिचं पाण्यातलं प्रतिबिंब मिळून पूर्ण वर्तुळ होतं. मॅक्स एलएल यांचं संगीत तिथे अगदी हलकं होतं. प्रवासी आपलं आयुष्य बोलत राहतो, खेळणाऱ्याला करण्यासारखं काही उरत नाही. मग शेवटची मिठी. बोटीवर परतल्यावर त्याच्या घरात एक फूल उमललेलं असतं. घर तिथेच राहतं.

प्रवाशांना पोचवता पोचवता शेवटी कळतं की स्टेलालाही याच दारातून जायचं आहे. या वेळी होडीत दुसरा प्रवासी नसतो. डॅफोडिल असतो.