बीन ब्लॉसम : झाडांखालचे ब्लूग्रास

अमेरिकेतील इंडियाना राज्यात ब्राउन काउंटी हा टेकड्यांचा आणि दाट झाडीचा मुलूख आहे. त्यातले बीन ब्लॉसम हे अगदी लहानसे खेडे. पण जून महिन्यात ब्लूग्रास संगीताच्या महोत्सवासाठी येथील बिल मन्रो म्युझिक पार्कमध्ये तंबू आणि मोटारघरांची वस्ती उभी राहते. जवळच नॅशव्हिल नावाचे गाव आहे. कंट्री संगीतासाठी गाजलेले टेनेसीतील नॅशव्हिल ते हे नव्हे.

केंटकीतील रोझीन येथे 1911 मध्ये जन्मलेल्या बिल मन्रो यांना ब्लूग्रासचे जनक म्हणतात. ‘ब्लू ग्रास बॉइज’ या त्यांच्या वाद्यवृंदावरूनच या संगीताला हे नाव मिळाले. त्यांच्या घडणीत आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाचा मोठा वाटा होता. बँजो हे वाद्यही आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या परंपरेतले आहे. ब्लूग्रासला केवळ गोऱ्या डोंगरी लोकांचे संगीत समजणे त्यामुळे अन्यायाचे ठरते. बीन ब्लॉसमची ही जागा मन्रो यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला विकत घेतली. तिचा कारभार बरीच वर्षे त्यांचे थोरले बंधू बर्च पाहत. 1965 मध्ये कार्ल्टन हेनी यांनी व्हर्जिनियातील फिनकॅसल येथे अनेक दिवसांचा ब्लूग्रास महोत्सव भरवला होता. त्यापाठोपाठ 1967 च्या जूनमध्ये मन्रो यांनी येथे आपला महोत्सव सुरू केला. 1973 मध्ये येथील मैफलींची ध्वनिमुद्रिका निघाली आणि खेड्याचे नाव दूरवर पोचले.

मंच उघड्यावर असून समोर झाडांच्या सावलीत श्रोते बसतात. मँडोलिन, बँजो, फिडल, गिटार आणि डबल बास ही ब्लूग्रासची नेहमीची वाद्ये. परंपरेत ढोल-ताशाला जागा नाही. मँडोलिनवादक तारांवर तुटक आघात करून ताल धरतो. जुन्या पद्धतीने वाजवणारे वृंद एकाच मायक्रोफोनभोवती उभे राहतात. ज्याची पाळी येते तो पुढे सरकतो, वाजवून झाले की बाजूला होतो. ही ये-जा पाहण्यातही मोठी गंमत आहे.

कुटुंबाने दिवस घालवायला जावे ते मात्र तंबूंच्या वस्तीसाठी. मंचावरच्या कार्यक्रमाइतकेच येथे महत्त्व आहे ते झाडाखाली आपसूक जमणाऱ्या बैठकांना. गाणे सुरू करणारा पट्टी सांगतो आणि नजरेने किंवा मान हलवून पुढची पाळी देतो. सगळ्यांना येणारी जुनी गाणी निवडली जात असल्याने नवख्यालाही सामील होता येते. ज्याला स्वतंत्र वाजवणे जमत नाही, तो मान हलवून नकार देतो आणि साथ चालू ठेवतो. त्यात कोणी कमीपणा मानत नाही. आजोबांची फिडल आणि दहा-बारा वर्षांच्या नातीची गिटार एकाच रिंगणात ऐकू यावी, अशी ही रीत आहे. स्वरलिपीपेक्षा कानावर भर देणारे हे संगीत पिढ्यान्‌पिढ्या टिकले ते अशाच रिंगणांमुळे, आणि बीन ब्लॉसमचे खरे मोल त्यातच आहे.

मन्रो यांचे 1996 मध्ये निधन झाले. पुढे 1998 मध्ये ड्वाइट डिलमन यांनी पार्क विकत घेतले. एके काळी ते मन्रो यांच्याच वृंदात बँजो वाजवत. आवारातील संग्रहालयात मन्रो आणि ब्लूग्रासच्या इतर कलावंतांच्या वस्तू पाहायला मिळतात. जूनमध्ये जाणे न जमल्यास सप्टेंबरात ‘अंकल पेन’ यांच्या नावाने आणखी एक महोत्सव येथे होतो. लहानग्या बिलला आपल्या फिडलच्या साथीला बसवणारे त्याचे मामा पेंडल्टन व्हॅन्डिव्हर ते हेच.