सॉफ्टवेअरची मुलाखत आणि न छापलेला अभ्यासक्रम

सरकारी नोकरीच्या परीक्षेला अभ्यासक्रम असतो. तो छापलेला असतो. जागा किती, वयाची अट काय, हे जाहिरातीत येते. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका बाजारात मिळतात आणि निकालाची यादी सर्वांना दिसेल अशी लागते. आपल्या आधीची पिढी ह्याच वाटेने कारकून, शिक्षक, तलाठी, बँकेतला अधिकारी अशा पायऱ्या चढली. वाट खडतर होती, पण ती कोठून निघते आणि कोठे पोचते हे ठाऊक होते. आज आपल्या मुलामुलींचा ओढा ज्या सॉफ्टवेअरच्या नोकरीकडे आहे तिचे दार निराळ्याच परीक्षेने उघडते. येथे राखीव जागा नाहीत, कारण घटनेच्या सोळाव्या कलमातली तरतूद राज्याच्या सेवेपुरती आहे. येथे अभ्यासक्रम आहे, पण तो छापलेला नाही. तो मोठ्या भावाकडून धाकट्याकडे, मामाकडून भाच्याकडे, वसतिगृहाच्या खोलीतून शेजारच्या खोलीत असा सांगोवांगी जातो. ज्याच्या घरात आधीच एखादा अभियंता आहे त्याला तो चहा पिता पिता मिळतो. ज्याच्या घरात दहावी झालेला तोच पहिला, त्याला असा काही अभ्यासक्रम असतो हेच मुळी मुलाखतीच्या खोलीत गेल्यावर कळते. मग तो बाहेर येऊन म्हणतो, "सर, आपल्यात तेवढी हुशारी नाही."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याचाच समाचार घ्यावा म्हणून हे लिहीत आहे. मी पुण्यात बरीच वर्षे ह्याच धंद्यात काढली. टेबलाच्या अलीकडे उमेदवार म्हणून बसलो आणि पुढे पलीकडे मुलाखत घेणारा म्हणूनही बसलो. रविवारी आमच्या वस्तीतल्या वाचनालयात दहा-बारा मुले जमतात, त्यांची तयारी करून घेतो. दोन्हीकडून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की ही परीक्षा बुद्धीची जेवढी आहे त्याहून अधिक ती रीतीभातीची आहे. आणि रीत शिकता येते.

प्रथम ह्या परीक्षेचे स्वरूप पाहू. साधारणपणे एक लेखी किंवा संगणकावरची चाळणी असते. मग एक ते चार तांत्रिक फेऱ्या आणि शेवटी एचआरची फेरी. तांत्रिक फेरीत मुलाखतकार एक छोटे कोडे देतो आणि समोर बसून त्याचा प्रोग्राम लिहायला सांगतो. ही कोडी आकाशातून पडत नाहीत. अ‍ॅरे, स्ट्रिंग, लिंक्ड लिस्ट, स्टॅक, क्यू, ट्री, ग्राफ, हॅश टेबल ह्या सात-आठ रचना, आणि शोधणे, क्रम लावणे, रिकर्शन अशा थोड्या युक्त्या. नवख्याला विचारले जाणारे बहुतेक प्रश्न ह्याच कुळातले असतात. गेल लाकमन मॅकडॉवेल ह्या बाईंनी ह्या विषयावर लिहिलेल्या पुस्तकाच्या २०१५च्या सहाव्या आवृत्तीत १८९ प्रश्न आहेत, आणि लीटकोडसारख्या ठिकाणी हजारो. हजारांचा आकडा ऐकून मुले घाबरतात. त्यांना मी सांगतो की ही चेहरे बदललेली तीच माणसे आहेत. दीडशे प्रश्न खरोखर समजून सोडवले की पुढचे ओळखीचे वाटू लागतात.

एक उदाहरण घेऊन पाहू. प्रश्न असा : दहा हजार आकड्यांची यादी आहे, त्यांतले कोणते दोन आकडे मिळवले असता बेरीज ५०० होते ते शोधा. सरळ मार्ग म्हणजे प्रत्येक आकड्याची प्रत्येक दुसऱ्याशी जोडी लावून पाहणे. अशा जोड्या जवळजवळ पाच कोटी होतात. आता दुसरा मार्ग. किराणा दुकानदार उधारीची वही नावावर ठेवतो, कोणाचे खाते पाहायचे तर सगळी वही उलगडत नाही. तसेच येथे करा. यादी वाचत जा. १८० आला, तर त्याचा जोडीदार ३२० हवा. ३२० आधी येऊन गेला का, हे वहीत पाहा. असेल तर उत्तर मिळाले. नसेल तर १८०ची नोंद करून पुढे चला. दहा हजार आकडे, फार तर दहा हजार वेळा वहीत पाहणे. पाच कोटींचे काम दहा हजारांवर आले. ह्या वहीलाच हॅश टेबल म्हणतात. वेग वाचला, पण वहीला जागा लागली. हा सौदा बोलून दाखवणे हेही उत्तराचाच भाग आहे.

हे उत्तर आपल्या मुलांना येते. वाचनालयात खडू हातात दिला की पुष्कळजण पाच-सात मिनिटांत तिथवर पोचतात. अडते ते दुसरीकडेच. मुलाखतकाराला नुसते उत्तर नको असते, उत्तराकडे जाताना होणारा विचार ऐकायचा असतो. प्रश्न मिळताच आधी उलट विचारायचे : आकडे ऋण असू शकतात का? तोच आकडा दोनदा येईल का? यादी आधीच क्रमाने लावलेली आहे का? अशी जोडीच नसेल तर काय कळवायचे? मग सरळ, संथ मार्ग सांगायचा, तो का संथ आहे ते सांगायचे, मग सुधारायचे, मग लिहायचे, आणि लिहून झाल्यावर चार आकड्यांची छोटी यादी घेऊन स्वतःच्या हाताने तपासून दाखवायचे. हे सगळे तोंडाने, मोठ्याने.

आणि येथेच आपला मुलगा गप्प बसतो. का बसतो, ह्याचा विचार केला पाहिजे. त्याने शाळेत शिकलेली पहिली गोष्ट म्हणजे मास्तरांना उलट विचारायचे नाही. मागच्या बाकावर बसून बारा वर्षे त्याने उत्तर पक्के असल्याशिवाय तोंड उघडायचे नाही हा धडा गिरवलेला असतो, कारण चुकलेल्या उत्तरावर वर्ग हसतो, आणि आपल्या मुलावर जरा जास्तच हसतो. अशा मुलाची शांतता म्हणजे सभ्यता असते, सावधपणा असतो. पलीकडे बसलेला ती शांतता 'ह्याला काही येत नाही' अशी वाचतो. ज्या घरात पाचव्या वर्षापासून पोराला पाहुण्यांसमोर मत मांडायला लावतात त्या घरचा मुलगा अर्धवट कळलेलेही ठसक्यात बोलतो आणि त्याला 'कम्युनिकेशन चांगले' असा शेरा मिळतो. गुणवत्तेचा जो डांगोरा पिटला जातो त्याच्या पोटात ही अशी पुष्कळशी बोलण्याची सवय दडलेली असते.

समोर कोणी बसून पाहत असले की माणसाचे डोके कमी चालते, हा माझा तर्क नव्हे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट येथील संशोधकांनी २०२० साली ४८ जणांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना मुलाखतकारासमोर फळ्यावर कोडे सोडवायला लावले, काहींना तेच कोडे एकट्याने खोलीत सोडवू दिले. समोर माणूस असताना कामगिरी निम्म्याहून खाली आली. एकांतात सोडवणाऱ्या स्त्रिया साऱ्या उत्तीर्ण झाल्या, आणि मुलाखतकारासमोर सोडवणारी एकही झाली नाही. कोडे तेच होते! ज्यांना त्या खोलीत बसण्याचा अधिकारच जणू दर वेळी सिद्ध करावा लागतो, त्यांच्यावर नजरेचे हे ओझे किती पडत असेल, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

मोठमोठ्यांचीही येथे फजिती होते. मॅकच्या संगणकांवर असंख्य प्रोग्रामर 'होमब्रू' नावाचे साधन वापरतात. ते लिहिणाऱ्या मॅक्स हॉवेल यांना गुगलच्या मुलाखतीत नाकारले गेले, आणि फळ्यावर बायनरी ट्री उलटी करता आली नाही हे त्याचे कारण असल्याचे त्यांनी २०१५ साली जाहीरपणे सांगितले. बायनरी सर्च ही तर बालवाडीतली रीत मानली जाते : क्रमाने लावलेली यादी मध्ये उघडायची, आपल्याला हवे ते अलीकडे की पलीकडे हे पाहायचे, नको तो अर्धा भाग सोडून द्यायचा. शब्दकोश आपण असाच उघडतो. दहा लाख नोंदींत सुमारे वीस पावलांत शोध संपतो. पण जॉन बेंटले यांनी १९८६च्या 'प्रोग्रामिंग पर्ल्स' ह्या पुस्तकात नमूद केले आहे की धंद्यात मुरलेल्या प्रोग्रामरांना त्यांनी हीच रीत दोन-एक तास देऊन लिहायला लावली, तेव्हा सुमारे ९० टक्के जणांच्या लिखाणात चुका निघाल्या. पुढची गंमत अशी की २००६ साली जोशुआ ब्लॉक यांनी दाखवून दिले की खुद्द बेंटले यांच्या पुस्तकातल्या रीतीत आणि जावा भाषेच्या भांडारातही एक चूक वर्षानुवर्षे लपून होती. मधली जागा काढताना दोन टोकांची बेरीज करून अर्धी करायची. यादी शंभर कोटींच्या पुढे गेली की ती बेरीजच भांड्यात मावत नाही. उपाय एका ओळीचा : दोन टोकांतले अंतर अर्धे करून ते खालच्या टोकात मिळवावे. मुलाखतीत हे सांगितले तर समोरचा खूश होतो. परंतु मुलांना ही हकीगत सांगण्याचे माझे कारण वेगळे आहे. जगातल्या नामांकितांच्या लिखाणात चूक राहू शकते, तर फळ्यावर तुमची एक चूक निघाली म्हणून जीभ टाळ्याला चिकटण्याचे कारण नाही. 'येथे चुकले, थांबा, दुरुस्त करतो' असे म्हणून पुढे जावे. असे म्हणणाऱ्या उमेदवाराला मी स्वतः नेहमी वरचे गुण देत आलो.

रेझ्युमेबद्दल थोडक्यात. त्यावरची प्रत्येक ओळ म्हणजे प्रश्नाला दिलेले निमंत्रण आहे. शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट विकत मिळतात हे सर्वांना माहीत आहे. पलीकडे बसलेल्यालाही माहीत आहे. 'हा डेटाबेस का निवडला?' ह्या एका प्रश्नात विकतचे प्रोजेक्ट उघडे पडते. त्यापेक्षा वस्तीतल्या वाचनालयाच्या पुस्तकांच्या देवघेवीचा साधा प्रोग्राम स्वतः लिहावा. तो लहान असेल, पण त्यातली प्रत्येक अडचण आपण भोगलेली असते, म्हणून तिच्याबद्दल बोलता येते.

आता एचआरच्या फेरीकडे वळतो. येथे हसतमुखाने एक प्रश्न येतो : "घरच्यांबद्दल सांगा." सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त दाखवले आहे की नोकरी देणारे व्यवस्थापक तोंडाने गुणवत्तेची भाषा बोलतात आणि त्याच दमात उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' महत्त्वाची मानतात. त्याच वर्षी त्याच साप्ताहिकात सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास आला. वर्तमानपत्रातल्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फक्त नावे वेगळी. तेव्हा दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण हिंदू नावाच्या अर्जाच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांश भरली. म्हणजे दार लावून घेणारे आहेतच. त्यावर आडनाव बदला, असे सल्ले देणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. मला तो सल्ला पटत नाही. आडनाव बदलले तरी गाव, वसतिगृह, शिष्यवृत्ती असे शंभर धागे उरतात, आणि माणूस आयुष्यभर ते झाकत बसतो. त्याच वेळी, दुःखाची कहाणी सांगून समोरच्याला विरघळवू पाहणेही मला मान्य नाही. "आई शेतावर मजुरीला जाते, वडील एसटीत वाहक होते, शिकणारी मी पहिली," इतके सरळ, मान वर करून सांगावे आणि लगेच आपल्या कामावर यावे. परभणीकडच्या एका मुलीने हे तीन वाक्यांत सांगून पुढे वडिलांच्या तिकिटांच्या हिशेबावरून आपण पहिला प्रोग्राम कसा लिहिला ते सांगितले होते. मला ते फार आवडले.

इंग्रजीची धास्ती सर्वांत मोठी असते. आमच्याकडे मी मुलांना कोडे आधी मराठीत, आपल्या बोलीत, मोठ्याने सोडवायला लावतो. विचार सुटा झाला की तोच लहान लहान इंग्रजी वाक्यांत सांगायचा. उच्चाराची फिकीर नको. ह्या धंद्याला लागणारे इंग्रजी तीनशे-चारशे शब्दांचे आहे, आणि पलीकडचा माणूसही पुष्कळदा सोलापूरचा किंवा सेलमचाच असतो.

तयारीला चार-सहा महिने धरावेत. रोज दोन प्रश्न, तेही कागदावर, पेनाने. घरी लॅपटॉप नाही म्हणून रडणाऱ्या मुलांना मी हेच सांगतो की फळ्याजवळ संगणक चुका दाखवून देत नाही. कागदावर शिकलेल्याचे तेथे अडत नाही. आठवड्यातून एकदा दोघांनी समोरासमोर बसून मुलाखत घ्यायची, पंचेचाळीस मिनिटे घड्याळ लावून, आणि बाकीच्यांनी मुद्दाम टक लावून पाहायचे. आरंभी पोरे हसतात, घाम पुसतात. सहाव्या-सातव्या वेळी नजरेचे काही वाटेनासे होते.

अलीकडे पहिल्या फेऱ्या घरबसल्या कॅमेऱ्यासमोर होतात. एका खोलीच्या घरात मागे चूल आणि समोर कॅमेरा अशी बैठक कशी जमणार? म्हणून वाचनालयाची मागची खोली आम्ही त्यासाठी राखली आहे. वार आणि वेळ फळ्यावर लिहून ठेवायची, त्या वेळी तेथे कोणी मोठ्याने बोलत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून उत्तर कानात घेणे आता सोपे झाले आहे, म्हणून काही कंपन्या शेवटची फेरी पुन्हा समोरासमोर घेऊ लागल्या आहेत. त्या साधनांकडून तयारीच्या काळात प्रश्न समजून घ्यावेत, तेथे ती खरोखर उपयोगाची आहेत; ज्यांना शिकवणी परवडत नाही त्यांना तर फारच.

आणखी एक काम आहे. मुलाखत झाली की त्याच रात्री, पास-नापास काही असो, विचारलेले प्रश्न आठवतील तसे वहीत उतरवायचे : कंपनी, तारीख, फेरी, प्रश्न, आपण काय बोललो, कोठे अडलो. आमच्या वाचनालयात अशा नोंदींची दुसरी वही आता भरत आली आहे. ती कपाटात कुलूपबंद नसते, वर्तमानपत्रांच्या टेबलावरच असते. दुसऱ्या वस्त्यांतली मुलेही येऊन उतरवून नेतात. कोणाला तिची झेरॉक्स हवी असेल तर त्याने रविवारी सकाळी यावे. फक्त जाताना आपल्या मुलाखतीचे एक पान भरून जावे.