शाळेच्या ग्रंथालयासाठी कॅमेरा घेताय? आधी हिशोब करा

एरवी आपण दुकानाच्या जाहिरातीचा व्हिडिओ कसा करायचा ते बघतो. आज गिऱ्हाईक वेगळं आहे: शाळेचं ग्रंथालय. समजा, परंदवडीसारख्या गावातल्या शाळेला एखाद्या कंपनीने ४० हजार रुपये दिले. मुलांना पुस्तकासारखा घरी नेता येईल असा व्हिडिओ कॅमेरा हवाय. काय घ्याल?

बहुतेक जण ४० हजारांचा एकच कॅमेरा घेतात. तो कपाटात जातो, किल्ली सरांकडे, आणि बाहेर निघतो गॅदरिंगला. वर्षाला चार वेळा धरा. पाच वर्षांत २० वेळा. एका वापराला २ हजार रुपये पडले! आता त्याच पैशात २० हजारांचे दोन संच घ्या आणि वर्षाचे ३० आठवडे फिरते ठेवा. पाच वर्षांत ३०० वापर, एका वापराला साधारण १३३ रुपये. धंद्यात आपण मशीन असंच तोलतो ना?

संचात कॅमेरा म्हणून सिम न घातलेला मध्यम किमतीचा फोन चालेल. हँडीकॅम आता फारसे मिळत नाहीत, मिळतात ते स्वस्त नसतात. पण सगळे पैसे फोनवर घालवू नका. माईक आणि स्टँड आधी बाजूला काढा.

माईक का? पुणे-लोणावळा रेल्वेमार्ग परंदवडीच्या जवळूनच जातो. मुलगी आजीला जुन्या भातलावणीबद्दल विचारतेय आणि मागून गाडीचा भोंगा! चित्र थोडं अंधुक असलं तरी माणसं बघतात, आजीचा शब्दच कळला नाही तर बंद करतात. कॉलरला लावायचा वायरचा माईक घ्या, आणि तो त्याच फोनला जोडून, आवाज रेकॉर्ड करून, दुकानातच ऐका.

स्टँडचं महत्त्व दादासाहेब फाळक्यांकडून शिकावं. सिनेमाच्या आधी त्यांनी लोणावळ्यात छापखाना काढला होता. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर त्यांनी आधी टिपली कुंडीतल्या वाटाण्याची वाढ. कॅमेरा एका जागी, रोप रोज थोडं मोठं. विज्ञानाच्या प्रकल्पाला आजही याहून स्वस्त विषय नाही.

फोर-केच्या मागे लागू नका. फुल एचडी २४ एमबीपीएसने घेतलं तरी तासाला जवळपास ११ जीबी लागतात, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात तीन तास. फोर-केच्या फाइली उघडताना शाळेचा जुना संगणक मान टाकतो. आणखी एक, आपली वीज ५० हर्ट्झची. ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकत असतील तर शटर १/५० करता येतं का, तेही बघून घ्या.

मावळातला पाऊस तर तुम्हाला माहीतच आहे. दमट कपाटात लेन्सला बुरशी धरते. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, एवढं पुरतं. पुड्या मात्र बदलत राहा.

मुलांचं चित्रण बाहेर दाखवायचं असेल तर पालकांची लेखी संमती आधी घ्या. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची तरतूद आहे.

नोंदवहीत मात्र पुस्तकापेक्षा जास्त रकाने आखा: फोन, माईक, स्टँड, कार्ड, चार्जर. सगळ्यात आधी हरवतो तो चार्जर, त्यामुळे प्रत्येक संचाला एक जादा घेऊनच ठेवा.