चांदमारीची मोड

पिंपरी-चिंचवडमधील कुदळवाडीच्या एका पत्र्याच्या गोदामात, जेथे भिंतीलगत तांब्याच्या तारा, बिडाचे तुकडे आणि 'जर्मन' म्हणून ओळखली जाणारी अ‍ॅल्युमिनियमची भांडी आपापल्या ढिगांत पडलेली होती, तेथे एका दुपारी पितळेचे एक पोते माझ्यासमोर रिते झाले, आणि त्यातून ज्या शेकडो चेपलेल्या, पिवळ्या नळ्या खळखळत फरशीवर आल्या, त्या बंदुकीच्या रिकाम्या पुंगळ्या आहेत हे कळण्यास मला क्षणभर वेळ लागला. निवड करणाऱ्या वयस्क कारागिराला मात्र तितकाही वेळ लागला नाही. हात चालवता चालवता त्याने एक न चेपलेली पुंगळी उचलली, तिचे बूड उजेडाकडे केले आणि ती वाळू भरलेल्या एका डब्यात अलगद ठेवली.

"काका, ही वेगळी का काढलीत?"

"टोपी कोरी आहे, भाऊ. खळगी पडलेली नाही. गोळी नसली म्हणून काय झालं, टोपी जिवंत आहे हिची."

बंदुकीचा घोडा सुटला की टाचणीचा आघात पुंगळीच्या बुडातील टोपीवर होतो, तेथे हरभऱ्याच्या डाळीएवढाही नसलेला एक खड्डा उमटतो, आणि तो खड्डा असणे वा नसणे यावर मोड फोडणाऱ्याच्या बोटांचे भवितव्य अवलंबून असते. हे ज्ञान त्या कारागिराला कोणत्याही पाठशाळेने दिलेले नव्हते.

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात मोटारी, दुचाक्या आणि यंत्रे घडतात हे सर्वश्रुत आहे. परंतु या पट्ट्याच्या उंबरठ्यावर खडकीस 1869 पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, देहूरोडला 1984 पासून प्रकाश व धूर निर्माण करणाऱ्या दारूसामानाचा कारखाना आहे, आणि 2021 साली आयुध कारखान्यांची पुनर्रचना झाली तेव्हा दारूगोळ्याच्या नव्या सरकारी कंपनीचे मुख्यालयही पुण्यातच आले, ही गोष्ट भंगाराच्या संदर्भात सहसा कोणी ध्यानी घेत नाही. जेथे काडतूस घडते आणि जेथे फौज राहते, तेथे चांदमारी, म्हणजे नेमबाजीच्या सरावाचे मैदान, असतेच, आणि चांदमारी असेल तेथे धातूही मागे उरतोच.

पुंगळीचे पितळ साधे नव्हे. शंभर भागांत सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असे त्याचे प्रमाण असते, कारण इतके मऊ आणि तरी चिवट पितळच थंड अवस्थेत खोल नळीच्या आकारात ओढले जाते, बार उडताच फुगून बंदुकीच्या नळीच्या मागील भागाशी घट्ट बसते, वायू मागे येऊ देत नाही, आणि दाब ओसरताच पुन्हा आक्रसून सहज बाहेर पडते. 7.62 मिलिमीटरच्या रायफलीची पुंगळी वजनाने अकरा-बारा ग्रॅम भरते. म्हणजे किलोभर पितळेसाठी ऐंशी-नव्वद बार व्हावे लागतात. म्हणूनच सरावानंतर जवान वाकून वाकून पुंगळ्या वेचतात, त्यांची मोजदाद होते, आणि मोजणीत एक नग कमी पडला तर मैदानाची पुन्हा झडती घेतली जाते.

गोळीची गत निराळी. ती समोरच्या मातीच्या बांधात, ज्याला फौजी भाषेत 'बट' म्हणतात, जाऊन रुतते. गोळीच्या आत अँटिमनी मिसळलेले शिसे असते आणि वर तांब्याच्या मिश्रधातूचे पातळ कवच. वर्षानुवर्षे मारा झालेल्या बटाची माती चाळली तर शिसे निघते, आणि पावसापाण्यात राहिलेल्या त्या शिशावर पांढरट पूट चढलेले दिसते. हे पूट म्हणजे शिशाचा कार्बोनेट. तो मातीत उतरतो, म्हणून बटाच्या पायथ्याचे पाणी गुरांना पाजू नये. शिसे 327 अंशांवर वितळते आणि त्याची घनता 11.34 इतकी असल्याने त्याहून हलके असे तांब्याचे कवच रसावर तरंगू लागते; ते झाऱ्याने काढून घेता येते. क्रिया ऐकण्यास सोपी वाटते; परंतु गोळी ओली असेल तर अडकलेल्या पाण्याची एकाएकी वाफ होऊन रस उसळतो, रात्री मार्ग दाखवण्यासाठी मागे ज्योत घेऊन जाणारी गोळी असेल तर ती कढईतच पेटू शकते, आणि या दोन्ही गोष्टी टळल्या तरी शिशाचा बारीक धूर श्वासात जातो. त्या धुराची सर्वांत मोठी इजा पोचते ती जवळ खेळणाऱ्या लहान मुलांना, आणि ती तत्काळ दिसत नाही. घराच्या अंगणात शिसे वितळवण्याचा उद्योग कोणीही करू नये, असे मी अतिशय कळकळीने सांगतो.

रायफलीच्या चांदमारीपेक्षा तोफेचे आणि रणगाड्याचे मैदान अधिक भीषण. पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात खारे कर्जुने गावाच्या नावावरून ओळखले जाणारे के. के. रेंज हे मैदान असून, तेथे रणगाडे दीर्घकाळ सराव करीत आले आहेत. तोफगोळ्याच्या पोलादी कवचाभोवती तांब्याची पट्टी असते, फ्यूजमध्ये पितळ वा अ‍ॅल्युमिनियम असते, आणि दुष्काळी टापूतील, हाताला काम नसलेल्या माणसाला त्या धातूची किंमत आपल्या जिवाहून निकडीची वाटली तर त्यात आश्चर्य नाही. मैदानावर पडूनही न फुटलेल्या गोळ्यास फौजी 'ब्लाइंड' म्हणतात. तो मातीत अर्धा गाडला जातो, गंजतो, ओळखू येईनासा होतो. त्यावर हातोडा पडून माणसे दगावल्याच्या बातम्या या भागातून अधूनमधून आलेल्या आहेत. सन 1938 च्या मैदानी गोळीबारविषयक कायद्याने सराव चालू असताना लोकांना धोक्याच्या हद्दीबाहेर ठेवण्याचा अधिकार आणि नुकसानीबद्दल मोबदल्याची तरतूद केलेली आहे. परंतु गोळीबार थांबल्यानंतर पहाटेच्या अंधारात तारेखालून शिरणाऱ्या इसमाला कोणत्याही जाहीरनाम्याने अडवता येत नाही.

सरकारी वाट निराळी आहे, आणि ती संथ असली तरी अधिक सुरक्षित आहे. पुंगळ्या भांडारात परत जातात, चेपून निकामी केल्या जातात, मालात दारूचा अंशही उरलेला नाही असा दाखला जोडला जातो, आणि मगच लिलाव होतो. 1964 मध्ये स्थापन झालेली एमएसटीसी ही सरकारी कंपनी असे लिलाव आता संगणकावर चालवते. भट्टीवाल्याच्या दृष्टीने दाखला असलेल्या आणि नसलेल्या पितळात भेद दिसत नाही, आणि धोका नेमका येथेच आहे. साहिबाबादच्या एका पोलाद कारखान्यात 30 सप्टेंबर 2004 रोजी परदेशातून आलेल्या भंगारातील तोफगोळ्याचा स्फोट होऊन दहा कामगार ठार झाले, आणि त्यानंतर परदेशी भंगार जहाजावर चढण्यापूर्वीच तपासण्याची सक्ती झाली. भोसरी वा चाकणच्या ओतशाळेत मोटारीचे ब्रेक वा सिलिंडर ओतणारा कामगार त्या तपासणीवर किती विसंबून असतो, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते.

वर्धा जिल्ह्यातील सोनेगाव आबाजी येथे, पुलगावच्या दारूगोळा भांडारानजीकच्या मैदानावर, 20 नोव्हेंबर 2018 रोजी जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट होऊन सहा जणांचे प्राण गेले. त्यांत रोजंदारीवरचे मजूर होते. म्हणजे सरकारी वाटेवरही सर्वांत तळाचा माणूसच सर्वांत पुढे उभा असतो. माझे स्पष्ट मत असे की, मैदानालगतच्या गावांतील माणसांनाच प्रशिक्षण, विमा आणि नियमित मजुरी देऊन, लष्करी तज्ज्ञांनी जागा निर्धोक केल्यानंतर, हे धातू उचलण्याचे काम सोपवावे. ते एरवीही उचलणारच आहेत. प्रश्न केवळ दिवसाढवळ्या उचलतील की अंधारात, एवढाच आहे.

फेब्रुवारी 2025 मध्ये महानगरपालिकेने कुदळवाडी-चिखलीतील चार हजारांवर बांधकामे पाडली, आणि पत्र्यांचा तो विस्तीर्ण पसारा अल्पावधीत सपाट झाला. काही महिन्यांनी ते काका मला निघोजेच्या बाजूस एका लहानशा नव्या शेडमध्ये भेटले. माल थोडा होता, वजनकाटा तोच होता. दाराच्या चौकटीला दोरीने लोहचुंबक टांगलेले होते आणि त्याच्या खाली वाळूचा डबा. कोऱ्या टोपीच्या त्या पुंगळीचे काय झाले, असे मी विचारले. "त्याच संध्याकाळी चौकीत देऊन आलो," ते म्हणाले. "पंचनाम्यात लिहिलं त्यांनी, एक नग." आणि मालाचे नवे पोते ओढून त्यांनी त्याच्या तोंडाची सुतळी सोडली.